तोताराचे सोळा सोमवार

पहिल्या सोमवारी, न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कोरीव कामाचा वर्ग सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, मी लाकडावर फुंकर मारली. पटाशीने चर काढला की बारीक ढलप्या त्यात अडकून बसतात आणि पुढची रेघ दिसेनाशी होते. अशा वेळी सुतार फुंकर मारतो. माझे वडील मारायचे, मीही वीस वर्षं मारत आलोय. शेजारच्या माणसाने माझ्या मनगटावर हात ठेवला. पलीकडून शिक्षक शांतपणे म्हणाले, "ब्रशने झाड. नाहीतर फळी उलटी करून ठोक. तोंडाची हवा तिला लावू नकोस."

मी ब्रश घेतला. कारण विचारायचा धीर तिसऱ्या सोमवारी झाला.

मी मूळचा कुडाळचा. वडील सुतार; फणस, शिवण, सागवान यांतच त्यांचा जन्म गेला. मी गेली ११ वर्षं ऑकलंडमध्ये बांधकामावर सुतारकाम करतो. इथलं घर म्हणजे बहुतेक रेडिएटा पाइनचा सांगाडा. नेलगनने ठोकायचा, वरून प्लास्टरबोर्ड लावायचा आणि पुढच्या साइटवर जायचं. काम चांगलं आहे, पैसे वेळेवर मिळतात. पण त्या सगळ्या लाकडावर शेवटी भिंत चढते. आपण बसवलेला सांधा कुणाच्या नजरेला पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मराएवर स्वयंपाकघराची जमीन बदलायचं काम आलं. मराए म्हणजे माओरी कुळाची एकत्र जमायची जागा: पुढे मोकळं अंगण, त्यामागे कोरीव सभागृह, बाजूला जेवणघर. एका दुपारी तिथल्या आजीबाईंनी आम्हा कामगारांना बूट काढायला लावले आणि सभागृहात नेलं. हे घर म्हणजे आमच्या पूर्वजाचं शरीर आहे, त्या सांगत होत्या. आढं हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या दोन उतरत्या फळ्या म्हणजे पसरलेले हात, आणि जिथे त्या मिळतात तिथे त्याचा चेहरा. आत भिंतीला ओळीने पोउपोउ, म्हणजे कोरलेले खांब, उभे होते. प्रत्येक खांब एकेका पूर्वजाचा. दारातून तिरकं ऊन येत होतं. त्या उन्हात माझ्यातल्या सुताराला एकच गोष्ट दिसली: इथे सँडपेपर फिरलेलाच नाही. हजारो घाव होते आणि प्रत्येक घाव जागच्या जागी, धारेने केला तसाच चमकत होता. चुकलेला एखादा असेल तर तोही तिथेच होता.

हे शिकायला मिळतं का, असं मी त्यांना तिथेच विचारलं.

वर्ग दक्षिण ऑकलंडमधल्या एका शेडमध्ये, सोमवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ, १६ आठवड्यांचा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "सोळा सोमवार? म्हणजे उद्यापनही करावं लागणार." आम्ही बारा जण होतो. बहुतेक माओरी, एक सामोअन ट्रकचालक, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. शिक्षकांना सगळे मातुआ म्हणायचे. वडीलधाऱ्या पुरुषासाठीचा तो शब्द, आपल्या 'काका'सारखा. मीही तेच म्हणू लागलो. या कोरीव कामाला फाकाइरो म्हणतात. रोमन लिपीतल्या स्पेलिंगवरून मी ते पहिल्या दिवशी 'व्हाकाइरो' असं वाचलं होतं, शेजाऱ्याने ते दुरुस्त केलं. सुरुवातीला आणि शेवटी काराकिया, म्हणजे प्रार्थना. ती सगळ्यांनी उभं राहून म्हणायची.

पहिले तीन सोमवार आम्ही फक्त धार लावली आणि ती सरावाच्या तुकड्यांवर तपासली.

मला वाटलं होतं, यात मला शिकण्यासारखं काही नाही. माझ्या पेटीतल्या पटाशा दाराच्या बिजागऱ्यांची खाच काढायला उत्तम आहेत. मातुआंनी त्यातली एक घेतली, एका मऊ लाकडाच्या तुकड्यावर रेषांना आडवा एक काप मारला आणि तो दिव्याखाली धरला. कापात एक बारीक पांढरी रेघ उमटली होती. "ही रेघ तुझ्या धारेतली खाच आहे," ते म्हणाले. "तुला डोळ्यांनी पात्यात दिसणार नाही. लाकूड सांगतं." त्यानंतर मी हजार नंबरच्या दगडावर, मग सहा हजार नंबरच्या बारीक दगडावर आणि शेवटी हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्यावर पातं घासत राहिलो. काप काचेसारखा चमकायला लागला आणि पांढरी रेघ गेली, तेव्हा पहिला सोमवार संपत आला होता. सपाट पटाशी सोपी. गोल पटाशीला मनगट फिरवत धार लावावी लागते, आणि आतल्या बाजूला उलटलेली भुर, म्हणजे धातूची बारीक कड, वेगळ्या, गोलसर दगडाने काढावी लागते. मनगट कुठे थांबलं तर तिथे कोन पडतो आणि तो कोन पुढे प्रत्येक वळणात ओरखडा काढतो.

हत्यारं मोजकी होती. ६ आणि १२ मिलिमीटरच्या दोन सपाट पटाशा, एक व्ही आकाराची आणि दोन गोल. गोल पटाशीला नंबर असतो, तो तिच्या खोलगटपणाचा: ३ नंबर जवळजवळ सपाट, ९ नंबर अर्धगोलाच्या आसपास. एक मोगरी. बस्स. साइटवरच्या माझ्या व्हॅनमध्ये याच्या वीसपट सामान असतं. माओरी भाषेत पटाशीला फाओ म्हणतात. लोखंड येण्याआधी फाओ दगडाची असायची, आणि त्यातही सगळ्यात मोलाची पोउनामूची. पोउनामू हा दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हिरवा दगड. त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की तो सहजी फुटत नाही, म्हणून त्याला टिकाऊ धार येते. पण तो दगड ठोकून घडवता येत नाही. वालुकाश्मावर पाणी घालून दिवसच्या दिवस घासावा लागतो. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं जहाज आलं, आणि त्यानंतर जहाजांवरच्या साध्या लोखंडी खिळ्यांना इथे मोठा भाव आला. खिळा घासला की पटाशी होत होती. हे ऐकल्यापासून साइटवर पडलेले खिळे मी उचलून ठेवतो.

तिसऱ्या सोमवारी, धार लावता लावता, मातुआंनी कोरीव काम कुठून आलं त्याची गोष्ट सांगितली. समुद्राचा देव तांगारोआ याने रुआतेपुपुके नावाच्या माणसाच्या मुलाला पळवलं आणि पाण्याखालच्या आपल्या घराच्या शिखरावर बसवलं. बाप शोधत खाली गेला. घराच्या आतले कोरीव खांब एकमेकांशी बोलत होते. त्याने घराला आग लावली, मुलाला सोडवलं आणि ओसरीतले काही खांब घेऊन वर आला. पण बोलणारे खांब आत होते, ते जळाले. बाहेरचे मुके होते, तेच माणसांना मिळाले. म्हणून आपलं कोरीव काम बोलत नाही.

मग मी फुंकरीचं विचारलं. जे कोरलं जातं ते तापू असतं, असं त्यांनी सांगितलं, म्हणजे वेगळं राखलेलं, पवित्र. शिजवलेलं अन्न आणि अन्नाशी संबंध येणाऱ्या गोष्टी ते तापूपण उतरवतात. म्हणून बाकावर डबा ठेवायचा नाही, ढलप्या चुलीत किंवा बार्बेक्यूत घालायच्या नाहीत, आणि जेवणाऱ्या तोंडाची हवा लाकडाला लावायची नाही. मला हे पटायला वेळ लागला नाही. खंडेनवमीला वडील करवती, रंधे, पटाशा धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचे, आणि त्या दिवशी त्यांना कामाला जुंपायचं नाही. हत्यार पायाला लागलं तर आम्ही आजही पाया पडतो.

चौथ्या सोमवारी कोरायचं लाकूड हातात आलं: शेतावरच्या जुन्या कुंपणाचा खांब. बाहेरून राखाडी, भेगाळलेला, शेवाळ धरलेला. मातुआंनी त्याला उभी चीर दिली आणि आतून लालसर तपकिरी, सरळ रेषांचं लाकूड निघालं. किती वर्षं मातीत उभा होता कोण जाणे, पण गाभा नव्यासारखा. हा तोतारा. माओरी कारागिरांचं हे सर्वांत आवडतं लाकूड: वजनाला हलकं, सरळ फाटणारं, आणि कुजण्याला दाद न देणारं. लांब युद्धनौकांची खोडं बहुतेक याचीच असत. सरकारी देशी जंगलांतली तोड २००२ पर्यंत थांबली, त्यामुळे आता वादळात पडलेलं झाड, जुनी घरं आणि हे कुंपणाचे खांब यांवर बरंचसं काम चालतं. शिवणीसारखं मऊ असेल असं मला वाटलं होतं. मऊ आहे, पण ठिसूळही आहे. रेषेच्या विरुद्ध गेलं की ते कापलं जात नाही, तुटतं.

त्याच दिवशी व्ही पटाशी पहिल्यांदा आत घातली आणि चौथ्या ठोकीला 'टिंग' असा आवाज आला. तार अडकवायला ठोकलेला यू-खिळा, वरून गंजून नाहीसा झालेला, लाकडाच्या आत निम्मा शिल्लक होता. आजूबाजूचं लाकूड काळवंडलं होतं. ते काळं मी पाहिलं होतं आणि गाठ समजून सोडून दिलं होतं. तीन सोमवार लावलेली धार एका क्षणात गेली. पात्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. ती पुन्हा घासून सरळ करायला घरी दोन रात्री लागल्या. तेव्हापासून माझ्या खिशात एक चुंबक असतो.

पाचवा सोमवार तोकीचा. तोकी म्हणजे आपला वाकस. वाकलेल्या फांदीचा दांडा, त्याच्या नाकाला आडवं बांधलेलं पातं. मातुआंच्या तोकीचं पातं पाहून मी थांबलोच: ते रंध्याचं होतं. लोखंड आल्यावर माओरी कारागिरांनी गोऱ्या सुतारांच्या रंध्यांची पाती काढून आपल्या जुन्या पद्धतीच्या दांड्यांना बांधली, आणि ती रीत चालू राहिली. त्यांनी फळीवर छोट्या छोट्या ठोकी मारत नेल्या, आणि मागे शिंपल्यांसारख्या उथळ खुणांची एकसारखी रांग उठत गेली. माझ्या हातून तसं होईना. एक घाव खोल, एक नुसता सरकणारा. शनिवारी वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणाले, "हो तर आपलो वाकस!" आणि मग, मी दोन घाव मारल्यावर, "मनगट सैल ठेव रे. काम वाकसाच्या वजनाक करूंदे." पुढच्या सोमवारी मातुआंनी हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत.

हे हत्यार माओरी कारागिरांच्या हातातून जवळजवळ निसटलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजक्याच कुळांत फाकाइरो जिवंत राहिलं होतं. सर आपिराना न्गाता, ज्यांचा चेहरा इथल्या ५० डॉलरच्या नोटेवर आहे, त्यांनी रोटोरुआला माओरी कलांची शाळा काढली. ती १९२७ मध्ये सुरू झाली. तिथे पटाशी शिकवणारे होते, पण तोकीचं जुनं तंत्र हातात असलेला माणूस शोधावा लागला. तो न्गाती ताराफाई कुळातले एरामिहा कापुआ यांच्या रूपाने सापडला, आणि त्यांच्याकडून ते पाइने ताइआपा शिकले. पाइने आणि त्यांचे भाऊ होने यांनी पुढे देशभर सभागृहं उभी केली. १९६७ मध्ये रोटोरुआच्या नव्या संस्थेत कोरीव कामाचे पहिले विद्यार्थी आले तेव्हा त्यांचे गुरू होने होते. मातुआ ज्यांच्याकडे शिकले ते त्याच संस्थेतून आलेले. म्हणजे माझ्या मनगटाला सैल राहायला सांगणारा तो आवाज कुठून निघाला ते नावानिशी सांगता येतं. आपल्याकडे किती सुतारांच्या गुरूंची नावं कुणी लिहून ठेवलीत?

सहाव्या सोमवारपासून खरी नक्षी. माझ्या वाट्याला राउपोंगा आली. पोंगा म्हणजे इथला चंदेरी नेचा, ज्याचं पान रग्बीच्या जर्सीवर असतं. राउ म्हणजे पान. या नक्षीत तीन गोष्टी असतात. हाएहाए म्हणजे समांतर चर. राउमोआ म्हणजे दोन चरांमध्ये राहिलेला साधा, गोलसर उंचवटा. आणि पाकाती म्हणजे दातेरी उंचवटा, जो या साध्या पट्ट्यांच्या मधून धावतो.

पाकातीवर मी चार सोमवार काढले, आणि घरी गॅरेजमध्ये किती संध्याकाळी, ते मोजलं नाही. करायचं असं: उंचवट्यावर ६ मिलिमीटरची पटाशी तिरकी, उभी धरायची आणि मोगरीची एक ठोक. मग पटाशी जराशी मागे घ्यायची, झुकवायची, दुसरी ठोक. दोन्ही घाव तळाशी बरोबर भेटले तर त्रिकोणी ढलपी आपोआप सुटून उडते आणि मागे एक दात उभा राहतो. भेटले नाहीत तर ढलपी एका तंतूवर लटकून राहते. ती नखाने उपटायचा मोह होतो. उपटली की दातही सोबत येतो. एका फुटाच्या पट्टीत ७५ च्या आसपास दात, म्हणजे दीडशे ठोकी, आणि प्रत्येक दात शेजाऱ्याएवढाच हवा. मी पहिल्यांदा पेन्सिलीने आणि पट्टीने चार-चार मिलिमीटरवर खुणा करून घेतल्या. मातुआंनी काही न बोलता त्या खोडून टाकल्या. "डोळे पुढच्या दातावर ठेव," ते म्हणाले, "आत्ताच्या दाताकडे हात बघून घेईल." दोन आठवडे ते जमलं नाही. एका गुरुवारी रात्री गॅरेजमध्ये, बहुधा थकल्यामुळे, मी मोजणं सोडून दिलं आणि ठोकींचा आवाज ऐकू लागलो. एक जड, एक हलकी. जड, हलकी. दिव्याखाली पाहिलं तर तळहाताएवढी एक पट्टी निघाली होती, जिच्यातले दात माणसांच्या दातांसारखे होते: सारखे, पण एकाच साच्यातून न काढलेले. मी धाकट्या मुलीला उठवून आणून दाखवली. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हे कंगव्यासारखं वाजतं."

नववा सोमवार संपताना मी पहिली फळी पूर्ण करून नेली, आणि तिच्यावर शनिवारी रात्री हलका, अगदी हलका सँडपेपर फिरवला होता. २२० नंबरचा. दोन-तीन दातांची टोकं तुटली होती, ती सारखी करावी म्हणून. मातुआंनी फळी डोळ्यांच्या पातळीवर धरली. रागावले नाहीत. त्यांनी खिडकीजवळ नेऊन मला दाखवलं: जिथे कागद फिरला होता तिथे लाकूड मेल्यासारखं, धुरकट दिसत होतं, आणि जिथे फक्त धार लागली होती तिथे प्रकाश उठून येत होता. कागद तंतू फाडतो, धार तंतू कापते. फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता. मराएवर त्या दुपारी मला जे दिसलं होतं ते हेच, आणि मीच ते पुसलं होतं. माझ्या रोजच्या कामात चूक पुसण्यासाठी फिलर आहे, सँडपेपर आहे, रंग आहे. इथे चूक झाली तर पुढचा घाव तिला धरून मारायचा असतो. तुटलेल्या दाताशेजारचे दोन थोडे खाली घ्यायचे, मग पुढचे दोन हळूहळू वर. डोळ्याला तिथे एक श्वास घेतल्यासारखं वाटतं, खड्डा वाटत नाही.

मग वळणं. पुढ्यात कोरू. कोरू म्हणजे नेच्याचं न उलगडलेलं, गुंडाळलेलं कोवळं पान, आणि त्यावरून आलेला टोकाला गोलवा असलेला आकार. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला हसू फुटलं, कारण मला ते मराठीच वाटलं: चला, कोरू. मातुआंना अर्थ सांगितला. त्यांना इतका आवडला की पुढचे सगळे सोमवार काराकिया झाली की ते माझ्याकडे बघून "चला, कोरू" म्हणायचे, आणि सामोअन ट्रकचालकही म्हणायला लागला.

त्याच्यापुढचं राउरू, म्हणजे दुहेरी सर्पिल. केंद्रातून दोन रेघा निघतात आणि एकमेकींच्या कडेने बाहेर पडत जातात. कागदावर काढायला अवघड नाही. लाकडात अवघड का, ते हातालाच कळतं. लाकडाच्या रेषा सरळ, चर गोल. त्यामुळे प्रत्येक पाव वळणाला पटाशी रेषेला कधी सामोरी, कधी आडवी, कधी उलटी येते. आणि व्ही पटाशीला दोन पंख असतात. वळणावर एक पंख गुळगुळीत कापत असतो त्याच क्षणी दुसरा विरुद्ध जाऊन तंतू उचकटत असतो. दोन्ही बाजू एका घावात स्वच्छ निघणं शक्यच नाही. उपाय असा, की जी कड शेवटी राहणार आहे तिला सांभाळत एका दिशेने कापायचं, थांबायचं, फळी फिरवायची आणि दुसरी कड उलट दिशेने सपाट पटाशीने वेगळी साफ करायची. एका राउरूला मी फळी किती वेळा फिरवली असेन! बाराव्या सोमवारी शिकंजाच काढून टाकला आणि फळी नुसती घसरू न देणाऱ्या रबरी चटईवर ठेवली, तेव्हा काम पुढे सरकलं.

मधल्या एका रविवारी कुटुंबाला घेऊन ऑकलंड म्युझियममध्ये गेलो. तिथे 'ते तोकी आ तापिरी' ही युद्धनौका आहे, साधारण १८३६ ची, लांबी २५ मीटर, शंभर माणसं बसतील अशी. नावाचा अर्थ 'तापिरीची तोकी'. नौकेला वाकसाचं नाव! काचेच्या कपाटात वाकाहुइया होत्या, सरदारांच्या केसांत खोवायची हुइया पक्ष्याची पिसं ठेवायच्या लहान कोरीव पेट्या. तो पक्षी गेला. शेवटची खात्रीलायक नोंद १९०७ ची आहे. या पेट्या तळालाही वरच्याइतक्याच बारकाईने कोरलेल्या असतात. आधी कारण कळेना. त्या घरात आढ्याला टांगून ठेवायचे, आणि खाली बसलेल्या माणसाला दिसायचा तो तळ. मी बराच वेळ गुडघ्यावर बसून खालून पाहत राहिलो.

तेराव्या सोमवारी मातुआंनी विचारलं, शेवटची वस्तू काय करणार? माझ्या मनात एक चेहरा होता, तिरक्या डोळ्यांचा, जीभ बाहेर काढलेला, पाउआ शिंपल्याचे निळे-हिरवे डोळे बसवलेला. वर्गातली दोघं तसंच काही करत होती. शिंपला घासताना उडणारी पूड फुप्फुसाला वाईट, म्हणून तोंडाला मास्क बांधून आणि पाणी लावून घासत होती. मी माझं रेखाटन दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"त्याला आजोबा असतील," ते म्हणाले. "इथे चेहरा म्हणजे कुणीतरी असतो. तो तुझा कुणी नाही, आणि ज्याचा असेल त्याला तू विचारलेलं नाहीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. राउपोंगा, राउरू सरावाला कोर, घरात लाव, विकू नकोस, असं त्यांनी सांगितलं. आणि मग, "तुमच्या घराच्या दारावर काय असतं?"

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. तेरा सोमवार घाम गाळून दार लागल्यासारखं वाटलं. पण घरी जाताना गाडीत विचार करत राहिलो तसं त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत गेलं, आणि आज मी ते दुसऱ्यांना सांगतो. राहारुही रुकुपो यांनी १८४० च्या दशकात कोरून उभं केलेलं 'ते हाउ की तूरांगा' हे सभागृह १८६७ मध्ये सरकारने उचलून वेलिंग्टनला नेलं. पुढे ते तिथल्या 'ते पापा' म्युझियममध्ये ठेवलं गेलं. पूर्वजांसकट घर नेलं गेलेल्या माणसांच्या नातवंडांनी मला पटाशी धरायला शिकवली, रेषा शिकवली, रात्री नऊनंतर थांबून माझी धार तपासली. चेहरा मागायचा माझा हक्क नव्हता. विमानतळावरच्या दुकानांत अर्थ न विचारता छापलेले तिकी, म्हणजे माओरी मानवाकृती, पाहिले की आता मला त्रास होतो. कुणी माओरी काम विकत घ्यायला निघालं तर मी सांगतो, कोरणाऱ्याचं नाव आणि कूळ विचारा.

दारावर काय असतं, याचं उत्तर मला माहीत होतं. माओरी सभागृहाच्या दारावर पारे असते, कोरीव पट्टी. तिच्याखालून जाताना माणूस एका जागेतून दुसऱ्या जागेत जातो. आमच्या कुडाळच्या घराच्या दारावर गणेशपट्टी आहे. आजोबांच्या हातची, फणसाची, मधे गणपती आणि दोन्ही बाजूंना वेल. वडिलांकडून तिचा फोटो मागवला. आयुष्यभर त्या पट्टीखालून गेलो होतो. फोन मोठा करून पाहिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की वेलीच्या पानांवर पटाशीचे घाव आहेत, अखंड, स्पष्ट. आजोबांनीही सँडपेपर लावला नव्हता. त्यांच्या काळी कुडाळात मिळत होता की नाही, हे वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "मिळत असात. पण पटाशी चांगली असली तर कशाक?"

उरलेले तीन सोमवार आणि त्यानंतरचे दोन महिने मी गणेशपट्टी कोरली. ९०० मिलिमीटर लांब, तोताराची. वेल आजोबांची आहे. सोंडेचं वळण काढताना पटाशी कुठे उलटवायची ते राउरूने शिकवलं होतं, म्हणून ते एका बैठकीत निघालं. पाकाती त्यात नाही. गणपतीचे डोळे मी सगळ्यात शेवटी केले. वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, डोळे सकाळी आंघोळ करून कर. केले. कच्चं जवसाचं तेल लावलं, तीन हात, प्रत्येक हात पुसून. तेल लागल्यावर तोताराचा लाल इतका खोल गेला की बायको म्हणाली, आता रंग नको.

ढलप्या मी दर सोमवारी एका कापडी पिशवीत भरून आणत होतो. मागच्या अंगणात, कुंपणाशी लावलेल्या तोताराच्या रोपाच्या बुंध्याशी त्या टाकल्या.

मातुआ पट्टी बघायला घरी आले. दारात थांबले, बूट काढले, वर बघितलं, हात वर नेऊन बोटांनी वेलीच्या कडेकडेने गेले. एका पानाजवळ थांबले, जिथे पटाशी घसरली होती आणि मी शेजारचं पान त्याच्याकडे वळवून घेतलं होतं. काही बोलले नाहीत, त्यांचं बोट मात्र तिथून दोनदा गेलं. मग आत आले, पुरणपोळी खाल्ली, बायकोकडे आणखी एक मागितली.

जाताना त्यांनी गाडीतून त्याच खांबाची दुसरी चीर काढून दिली. मी ती गॅरेजच्या बाकावर ठेवली आणि चुंबक टोकापासून हळूहळू फिरवत नेला. चार ठिकाणी तो चिकटला.